बावखलातली कासवं

कोल्हापूरहून निघालेल्या एस.टी.नं मला वसई फाट्यावर उतरवलं तेव्हा नुकतंच उजाडलं होतं. हायवेच्या उजव्या हाताला तुंगारेश्वरचा डोंगर धुक्यात उभा होता. डाव्या हाताला भातखाचरं असतील असं मी धरून चालले होते, पण तिथं इमारतींच्या ओळी होत्या. काहींना रंग दिलेला, काहींच्या गच्चीतून लोखंडी सळया वर आलेल्या. डोंगराचा पायथा एका जागी उभा कापला होता आणि आतली लाल माती उघडी पडली होती. त्या कापाखाली डंपर रांगेनं उभे होते. एक भरून निघाला आणि हायवे ओलांडून पश्चिमेला गेला. मला रिक्षा मिळेपर्यंत त्याच्यामागून आणखी काही गेले.

नव्वदच्या दशकाची ती अखेर होती. मी पाटबंधारे खात्यात नकाशे काढायची. माझी कॉलेजातली मैत्रीण सुनंदा लग्नानंतर वसईला आली होती आणि तिथल्या एका कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवत होती. गेली काही वर्षं ती वसई, सोपारा, विरार भागातली तळी, खाजणं (खाडीकाठची खारी दलदल) आणि रानं पायी हिंडून बघत होती. भाताच्या जमिनीवर चाळ झाली, मिठागरावर भराव पडला, वाडीत बंगला आला, तर तिथल्या पशुपक्ष्यांचं काय होतं, हा तिचा विषय. त्यासाठी तिला नकाशा हवा होता. "तू फक्त रेघा मार, बाकी माझं मी बघते," असं तिनं फोनवर सांगितलं. मी आठवड्याची रजा काढली.

तिच्या कामाची रीत समजायला सोपी होती. प्राणी जिथं राहतो ती जागा म्हणजे त्याचा अधिवास. ती जागा किती चांगली हे ठरवायला सुनंदा चार गोष्टी बघायची: पाणी, आडोसा, खाणं आणि निवांतपणा. प्रत्येकाला गुण द्यायचे आणि बेरीज करायची. पहिल्या सकाळी चहा पिता पिता तिनं मला बेरजा दाखवल्या. बहुतेक ठिकाणी दोन वर्षांपूर्वीचा आकडा मोठा होता आणि आत्ताचा लहान. मी त्याप्रमाणे चांगल्या पाण्याला निळा, रानाला हिरवा आणि बिघडलेल्या जागांना राखाडी असे रंग ठरवले. राखाडी जास्त लागणार हे दिसतच होतं.

"दुपारी एका ठिकाणी जायचंय," ती म्हणाली. "नकाशाचं काम नाही. पण तू चल."

दुपारी एस.टी.नं आम्ही निर्मळच्या पुढच्या एका गावात गेलो. रेल्वेच्या पूर्वेला जे पाहिलं होतं त्याच्याशी याचा काही संबंध वाटत नव्हता. अरुंद रस्ता, दोन्ही बाजूंना केळीच्या आणि पानवेलीच्या वाड्या, वळणावर पांढरा क्रूस, त्याच्या पायाशी अबोलीचा हार. घरांना लांब ओटे. एका घराच्या अंगणात सोललेली केळी सुकत घातली होती. त्यांची सुकेळी (उन्हात सुकवून पानात बांधलेली केळी) करतात. हे घर इनासकाकांचं. ते आणि त्यांची पत्नी कातरीनमावशी दोघंच तिथं राहत होते. मावशी लाल चौकडीच्या लुगड्यात, हातात विळा. आपसात दोघं त्यांच्या घरच्या बोलीत बोलत. त्यातलं मला निम्मंच कळायचं. आमच्याशी मात्र शाळेच्या पुस्तकातल्यासारखं मराठी.

घरामागं बावखल होतं. बावखल म्हणजे वाडीतलं गोड्या पाण्याचं तळं. पावसाचं पाणी त्यात साठतं आणि वर्षभर वाडीला पुरतं. पूर्वी प्रत्येक वाडीला एक असायचं. इनासकाकांच्या बावखलातलं पाणी पंप लावून बरंचसं उपसलं होतं आणि खाली काळा चिखल दिसत होता. सोमवारी तिथं मुरमाचे डंपर येणार होते. बावखल बुजवून त्यावर त्यांच्या मुलाचं, आल्विनचं, घर उभं राहायचं होतं.

आल्विन तिथंच होता. तिशीचा, मुंबईत एका ऑफिसात नोकरीला. बायको आणि दोन मुलांसह तो नालासोपाऱ्याला तुळिंजमध्ये भाड्यानं राहायचा. घरमालकानं पावसाळ्याआधी जागा सोडायला सांगितली होती.

"मॅडम, मला व्हिलन समजू नका," तो सुनंदाला म्हणाला. "वाडीत दुसरी जागा कुठं आहे सांगा. पुढं डॅडींचं घर, बाजूला केळी. केळी काढली तर हे खाणार काय?"

"मी कुठं काय म्हटलं?"

"तुम्ही नाही म्हणत. पण बघता तशा."

अडचण कासवांची होती. त्या पाण्यात पिढ्यान्‌पिढ्या कासवं होती, मऊ पाठीची, चिखलाच्या रंगाची. घरात कोणी त्यांना त्रास देत नसे. ती असली की पाणी साफ राहतं असा त्यांचा विश्वास. इनासकाकांनी आधी भरावाला होकार दिला, पण मग कासवं चिखलात गाडली जातील हे त्यांच्या मनानं घेतलं आणि ते कोणाशी धड बोलेनासे झाले. मावशींनी कॉलेजात सुनंदाला निरोप पाठवला. सुनंदानं वनखात्यातल्या अधिकाऱ्यांना विचारलं. जगतील अशा जागी सोडा आणि मला कळवा, एवढंच त्यांनी सांगितलं.

इनासकाका लेंगा गुडघ्यावर खोचून चिखलात उतरले. ते हातांनी नाही, पायांनी शोधत होते. एक पाय हळूच पुढं टाकायचा, अंगठ्यानं चाचपायचं, मग वाकायचं. एकामागून एक चार कासवं वर आली. सगळ्यात मोठं चांगलं ताटाएवढं होतं. त्यानं मान बाहेर काढली, लांब नाकानं हवा हुंगली आणि परत आत घेतली. कासवं पसरट टबात ठेवून मावशींनी वर ओलं गोणपाट टाकलं.

काका वर आले आणि चिखलाच्या पायांनी तसेच उभे राहिले.

"चांगलं पाणी दाखवा, मॅडम," ते म्हणाले. "नुसतं पाणी नको, चांगलं पाणी. नाही मिळालं तर ही परत इथंच सोडीन. सोमवारचं काम होणार नाही."

"डॅडी, डंपर सांगून ठेवलेत," आल्विन म्हणाला. "आता थांबलं तर गवंडी दुसरीकडं जातील. मग पाऊस. मग आम्ही चौघं रस्त्यावर."

काका टबावरचं गोणपाट नीट करायला लागले. आल्विननं माझ्याकडं पाहिलं, कारण तिथं त्रयस्थ अशी मीच होते. मी सुनंदाकडं पाहिलं. शेवटी तोच म्हणाला, "उद्या रविवार आहे. मित्राची व्हॅन आणतो. मिस्सा झाली की निघू. दाखवतो तुम्हाला पाणी."

रविवारी मिस्सेची प्रार्थना आटोपून देवळातून (इथले ख्रिस्ती लोक चर्चला देऊळच म्हणतात) माणसं बाहेर पडत असताना आम्ही निघालो. आल्विन गाडी चालवत होता, शेजारी सुनंदा. मागं मी आणि माझ्या पायांशी टब. पहिल्याच खड्ड्यात टबातलं पाणी माझ्या साडीवर आलं. त्यात पाण्याशिवाय आणखी काय होतं ते वासावरून कळलं. सुनंदा मागं वळून हसली. त्या दिवशी ती हसली ते तेवढंच.

तिच्या मनात तीन जागा होत्या. पहिली विरार पूर्वेला मनवेलपाड्यामागचं तळं. तिच्या जुन्या नोंदीत त्याला भरपूर गुण होते: कडेला लव्हाळं, पलीकडं भातखाचरं, पाणकोंबड्या. चाळींमधून व्हॅन जेमतेम गेली. तळं होतं, पण अर्धं. उरलेल्या अर्ध्यात चाळींची गटारं येत होती आणि पाण्यावर हिरवी साय धरली होती. काठावर दोरी बांधून एक बाई कपडे वाळत घालत होत्या. सुनंदानं त्यांना कासवांचं सांगितलं.

"इथं सोडताय?" त्यांनी टबात डोकावून पाहिलं. "अहो, बिचारी मरतील. इथं फक्त डास जगतात."

"पूर्वी पाणकोंबड्या होत्या ना?"

"आम्ही राहायला आलो तेव्हा होत्या. बगळे पण यायचे. माझी सासू गावची, तिला बरं वाटायचं. आता नुसता वास मारतो. मुलं सारखी तापानं आजारी. आम्हीच सगळ्यांनी सह्या करून दिल्यात, बुजवा म्हणून." मग जरा थांबून त्या म्हणाल्या, "काय करणार, ताई? दारात आहे."

मी त्या बाईंचं घर पाहिलं. एका खोलीचं, नीट सारवलेलं, उंबऱ्याशी रांगोळी. गावाकडून येऊन त्यांनी मुंबईजवळ मिळवलेलं ते घर होतं आणि त्याच्या दारात ते पाणी होतं. त्यांची सही मला चुकीची वाटली नाही.

जेवायला आल्विननं तुळिंजला आपल्या घरी नेलं. बाजारातून गाडी काढता काढता वेळ गेला. त्याचं बिऱ्हाड चौथ्या मजल्यावर, जिना अंधारा. टब गाडीत उन्हात ठेवता येईना, म्हणून आम्ही दोघींनी तो वर चढवला. त्याची बायको जेनेट दार उघडून बघतच राहिली. मुलं टबाभोवती बसली आणि उठेनात. भात, सुक्या बोंबलाचं कालवण आणि आजीकडची सुकेळी असं जेवण होतं. अर्ध्या जेवणात खाली हॉर्न वाजला आणि आल्विन ताटावरून उठून कळश्या घेऊन पळाला. पाण्याचा टँकर आला होता. जेनेट गॅलरीतून वाकून त्याला हाका मारत होती. तो घामाघूम होऊन तीन खेपा करून आला आणि परत ताटावर बसला.

"गंमत सांगू?" तो मला म्हणाला. "हे पाणी आमच्याकडच्या वाड्यांतलं. पश्चिमेच्या विहिरींवर पंप लावून टँकर भरतात. इकडं माणसं वाढली, तिकडच्या विहिरी उपसल्या, मग खाली समुद्राचं पाणी शिरलं. डॅडींची विहीर मचूळ झाली. म्हणजे आमच्याच शेजारचं पाणी मी इथं चौथ्या मजल्यावर चढवतो."

तो हसला, पण जेनेट हसली नाही. "म्हणून तर तिकडं जायचंय ना," ती म्हणाली.

दुसरी जागा वालीवच्या बाजूला. तिथं छोट्या कारखान्यांच्या गाळ्यांमागं जुनी खाचरं होती आणि त्यांना लागून एक खोलगट पाणथळ. रविवार असल्यामुळे गाळे बंद होते. पाण्याला निळसर झाक होती आणि वर तेलाचे रंग फिरत होते. कडेला गवत नव्हतं. खुर्चीवर बसलेल्या रखवालदाराला आल्विननं पाणी कसं आहे ते विचारलं.

"चांगलं आहे की," तो म्हणाला. "उन्हाळ्यात पण आटत नाही. फक्त गुरं पीत नाहीत."

आम्ही गाडीतून सगळे उतरलोही नाही.

तिसरी जागा तुंगारेश्वरच्या पायथ्याशी. सुनंदाचा खरा भरवसा तिच्यावर होता. सातिवलीच्या पुढं डांबरी रस्ता सुटला आणि साग, ऐन, कुडा यांचं रान लागलं. गाडी ठेवून आम्ही टब दोन्ही बाजूंनी धरून ओढ्याकाठानं चढलो. ओढा वाहत नव्हता. ठिकठिकाणी डबकी होती आणि वर एका मोठ्या कातळाखाली नितळ पाण्याचा डोह. वर झाडांची सावली. कुठंतरी तांबट पक्षी एकसारखा ठोकत होता. सुनंदाचा चेहरा उजळला.

"बघ," ती म्हणाली. "पाणी, आडोसा, बेडूक, मासोळ्या, सगळं आहे. माणूस नाही. राखीव रान आहे, कोणी बांधणार नाही. पैकीच्या पैकी."

ती गोणपाट काढायला वाकली. मी डोहाकडं बघत होते. आमच्या खात्यात पाण्यापेक्षा पाण्याची खूण आधी बघायची सवय लागते. कातळावर पाण्याच्या वर ओल्या मातीचा एक पट्टा होता आणि त्याच्या वर सुकलेल्या शेवाळाचा. खालचा पट्टा अजून वाळलाही नव्हता.

"सुनंदा, हा डोह भराभर उतरतोय," मी म्हटलं. "होळीपर्यंतसुद्धा राहायचा नाही."

"राहू दे ना. ही कासवं चिखलात पुरून घेतात. उन्हाळाभर तशी झोपतात. त्यांना चालतं."

"चिखल कुठं आहे?"

तिनं पाहिलं. मग एक काठी उचलून डोहात खुपसली. काठी टक्‌ करून वाजली. तिनं दुसरीकडं खुपसली, तिकडंही तेच. सगळा कातळ होता.

लाकडाची मोळी घेऊन एक वारली बाई खाली उतरत होती. आम्हाला बघून ती थांबली आणि मोळी कातळावर टेकवली. "काय सोडता?" तिनं विचारलं. आल्विननं सांगितलं. ती टबाशी आली, मोठ्या कासवाकडं पाहून मान डोलावली.

"सोडा. पन आमचे लोक धरतील," ती सहज म्हणाली. "चांगलं लागतं."

आल्विनला हसू आवरेना. तेवढ्यात डोंगराच्या पलीकडच्या अंगाला सुरुंगाचा आवाज झाला. तांबट गप्प झाला. झाडांतून पोपटांचा थवा उठला आणि खालच्या बाजूला गेला. ती बाई मात्र दचकली नाही.

"रविवारी पण?" सुनंदानं विचारलं.

"रोजच. हे सुरू झालं तवापासून आमच्या झऱ्याचं पानी गेलं. पलीकडनं दगड काढतात, लाल माती काढतात, सगळी खाली जाते, तुमच्याकडं." आणि मोळी उचलून ती गेली.

खाली कुठं जाते ते मला पहिल्याच सकाळी दिसलं होतं. डोंगरातला मुरूम बावखलांत पडत होता. इकडचा झरा आणि तिकडचं तळं एकाच डंपरमध्ये संपत होतं. हे मी बोलून दाखवलं आणि ती माझी चूक झाली.

"तुझं बरं आहे," सुनंदा माझ्यावर उसळली. "आलीस, बघितलंस, वाक्य बोललीस. आठवड्यानं कोल्हापूरला जाशील. मी त्या म्हाताऱ्याला काय सांगू? इतकी वर्षं इथं हिंडतेय, आणि चार कासवांना देण्यासारखं एक पाणी माझ्याकडं नाही!"

ती कातळावर बसली आणि पदरानं तोंड पुसलं. मी तिच्याजवळ बसले. थोड्या वेळानं आल्विननं एकट्यानंच टब उचलला आणि तो उतरायला लागला.

परतताना रस्ता मिठागरांच्या कडेनं गेला. उन्हं तिरपी झाली होती. बांधावर मिठाचे ढीग होते. त्यांच्यामधून एक कोल्हा चालला होता, दिवसाउजेडी, रोड, शेपूट खाली. व्हॅन थांबली तरी तो पळाला नाही. बांधावरचा एक आगरी गृहस्थ आमच्या खिडकीशी आला.

"त्याला आता भ्या नाय," तो म्हणाला. "पलीकडं तिवरांची झाडं होती, त्यात राहायची यांची जात. तिथं भराव झाला. लपायला जागा नाय, मग काय करल? चिंबोऱ्या शोधत फिरतो. खाडीचं पानी पन पूर्वीसारखं येत नाय."

कोल्हा बांधाच्या टोकापर्यंत गेला. पुढं इमारतीचं कुंपण होतं. तिथं थोडा वेळ थांबून तो आल्या वाटेनं परत निघाला.

आल्विननं गाडी सुरू केली नाही. स्टिअरिंगवर हात ठेवून तो बसून राहिला. मग म्हणाला, "मॅडम, एक पाणी आहे. कालपासून माझ्या मनात आहे. पण डॅडी तिथं जाणार नाहीत."

ते होतं शेजारच्या वाडीत, पास्कूंच्या. कुंपणाला कुंपण. सुनंदानं ते कधी पाहिलं नव्हतं, कारण पास्कू कोणाला आत घेत नसत. टँकरवाल्यांना पहिल्यांदा पंप लावू दिला तो त्यांनीच. दिवसरात्र विहीर उपसली. दोन उन्हाळ्यांत आजूबाजूच्या विहिरी मचूळ झाल्या आणि इनासकाकांच्या पानवेली जळाल्या. गावानं आरडाओरडा केल्यावर पंप बंद झाला, पण तेव्हापासून इनासकाका त्यांच्याशी बोलत नव्हते. देवळातही वेगळ्या बाकावर बसत. पास्कूंचं बावखल मात्र शाबूत होतं. त्यांचा एकुलता मुलगा कुवेतला होता. घर बांधायला कोणी नव्हतं, म्हणून बुजवायची गरज नव्हती.

"मी सांगून बघतो," आल्विन म्हणाला. "मला घर हवंय. पण आज सगळं बघितल्यावर... जाऊ दे. सांगून बघतो."

घरी पोचलो तेव्हा काका ओट्यावर वाट बघत बसले होते. टब गाडीतून तसाच उतरलेला पाहून त्यांना समजलं. सुनंदानं तिन्ही ठिकाणचं खरं ते सांगितलं. मग आल्विननं पास्कूंचं नाव काढलं.

"नाही," काका म्हणाले.

"डॅडी, त्यांचं पाणी बघा तरी."

"त्याचं पाणी मला माहीत आहे. माझं त्यानं काय केलं तेही माहीत आहे."

कातरीनमावशी दारात उभ्या होत्या. त्या घरच्या बोलीत काहीतरी म्हणाल्या, शांतपणे, एकच वाक्य. काकांनी मान खाली घातली. नंतर मी मावशींना त्याचा अर्थ विचारला. त्या म्हणाल्या, "मी एवढंच म्हटलं, भांडण तुमचं आहे, ह्यांचं नाही."

काका उठले. त्यांनी टबाचा एक कान धरला आणि आल्विनला दुसरा धरायला सांगितला.

पास्कू आपल्या अंगणात जाळं पसरून बसले होते. गंजीफ्रॉक घातलेला, उंच, वाकलेला माणूस. कुंपणापलीकडं इनासकाकांना पाहून ते हळूहळू उभे राहिले. आम्ही दोघी जरा मागं थांबलो. दोघं म्हातारे बोलीत बोलत होते. आल्विन आमच्यासाठी हलक्या आवाजात सांगत होता.

"पास्कूअंकल म्हणतात, तुझं पाणी माझ्यामुळं मचूळ झालं असं तू साऱ्या गावाला सांगितलंस. आणि आता माझ्याकडं पाणी मागायला आलास?"

काकांनी उत्तर दिलं.

"डॅडी म्हणतात, माझ्यासाठी मागत नाही."

मग पास्कूंनी कुंपणावरून वाकून टबातलं गोणपाट बाजूला केलं. मोठ्या कासवाच्या पाठीवर बोट टेकवलं. सुनंदाकडं वळून ते मराठीत म्हणाले, "बाई, ही माझे मासे खातील ना?"

"मेलेले, आजारी मासे खातात," सुनंदा म्हणाली. "गोगलगायी खातात, किडे खातात. धडधाकट मासा सहसा त्यांच्या हाती लागत नाही."

"म्हणजे एखादा गेला तर मी समजायचं की तो आजारी होता," पास्कू म्हणाले, आणि त्यांनी बांबूचं फाटक उघडलं.

त्यांचं बावखल मी त्या दिवशी पाहिलेल्या सगळ्या पाण्यांपेक्षा लहान होतं. काठावर केवडा, पाण्यावर कमळाची पानं, मऊ उतार. एक खंड्या आम्हाला बघून उडाला. सुनंदानं काठावर बसून काठी घातली, ती हातभर चिखलात गेली. तिनं माझ्याकडं बघून काठी दाखवली. इनासकाकांनी एकेक कासव उचलून पाण्याच्या कडेला ठेवलं. लहान तिन्ही लगेच शिरली. मोठं मात्र तसंच बसून राहिलं, मान आत. दोघं म्हातारे त्याच्या दोन बाजूंना उभे होते. शेवटी त्यानं मान काढली, चार पावलं सरपटलं आणि गढूळ रेघ सोडून दिसेनासं झालं.

पास्कूंनी चहा विचारला. काका नको म्हणाले. निघताना मात्र त्यांनी फाटकाशी वळून काहीतरी सांगितलं. आल्विन म्हणाला, "पुढच्या रविवारी बघायला येईन म्हणतात."

सोमवारी मी आणि सुनंदा पुन्हा गेलो, कारण नकाशासाठी गावाची मापं घ्यायची होती. डंपर आला होता. लाल मुरूम काळ्या चिखलावर पडला, तेव्हा फारसा आवाज झाला नाही. काका घरी नव्हते, केळी घेऊन बाजारात गेले होते. आल्विननं ऑफिसात रजा टाकली होती. तो काठावर उभा राहून डंपरवाल्याला हात करत होता. त्याचा चेहरा आनंदी नव्हता, पण काम तो मन लावून करत होता. संध्याकाळपर्यंत जेनेट मुलांना घेऊन आली आणि भराव झालेल्या भागावर मुलं धावायला लागली. मावशींनी त्यांना हाका मारून सुकेळी दिली.

आठवडा संपल्यावर मी कोल्हापूरला परतले आणि नकाशा पुरा केला. इनासकाकांच्या वाडीतला निळा ठिपका काढून टाकला, पास्कूंचा नव्यानं भरला. सुनंदाला तो आवडला. तिचे गुणही मी एका कोपऱ्यात नीट मांडले होते.

पावसाळ्यात तिचा फोन आला. मोठं कासव परत आलं होतं. कुंपणाखालून निघून, केळीतून वाट काढत, ते आपल्या जुन्या पाण्याच्या जागी आलं. तिथं आता घराचा पाया होता. पायाच्या चरात साठलेल्या पाण्यात ते गवंड्याला सापडलं. घर होईपर्यंत वडिलांच्या ओट्यावर बिऱ्हाड मांडलेल्या आल्विननं त्याला उचलून पास्कूंकडं नेऊन सोडलं. पुढच्या आठवड्यात पुन्हा तेच. मग तो रोज ऑफिसला निघण्याआधी चर बघून जायला लागला. कधी इनासकाका घेऊन जातात, कधी पास्कू स्वतः न्यायला येतात. दोघांचं बोलणं फारसं होत नाही, पण येणं-जाणं आहे.

फोन ठेवायच्या आधी मी पास्कूंच्या मुलाची चौकशी केली. आमच्या दोघींच्या मनात तोच प्रश्न असावा. कारण पाणी, आडोसा, खाणं आणि निवांतपणा यांचे गुण आम्हाला मांडता आले, पण ती जागा ज्याच्या दूर राहण्यामुळं टिकली होती त्याच्यासाठी नकाशात रंग नव्हता. तो परत आला की त्यालाही घर लागेल. त्यालाही बायको-मुलं असतील, त्यांनाही खोली हवी असेल, आणि त्यात कोणाची चूक काढता येणार नाही.

"अजून कुवेतलाच आहे," सुनंदा म्हणाली. "करार वाढवून मिळाला म्हणे. पास्कू फार नाराज आहेत. एकटे पडलेत ना."

मला त्यांच्यासाठी वाईट वाटलं. आणि बरंही वाटलं.